हौशी नभोवाणी आणि आपलीं मुलें

आजच्या मुलांस बोलण्याच्या साधनांची वाण नाहीं. मानोऱ्याकडील तांड्यावरच्या शेतकऱ्यापासून वाशीमच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलीपर्यंत बहुतेकांच्या हातीं एक लहानसें यंत्र आहे, आणि त्यांत बोललेला शब्द पुण्यास काय, दुबईसही क्षणांत ऐकूं जातो. अशा काळीं कोणी उठून म्हणूं लागला कीं, "शाळेंत हौशी नभोवाणीचें मंडळ काढा, मुलांना बिनतारी यंत्र बांधावयास व चालवावयास शिकवा," तर सुज्ञ पालक त्याजकडे थोडें हसूनच पाहतील, हें आम्ही जाणून आहों. आपल्या देशानें तर जुलै २०१३ मध्यें तारेची सेवाच बंद केली. मग मोर्सची ती कडकट्ट आतां शिकावयाची कोणासाठीं? प्रश्न रास्त आहे. तरीही आमचें मत असें आहे कीं, आपल्या जिल्ह्यांतील प्रत्येक हायस्कुलांत असें एक मंडळ असावें, आणि मोबाईल हातोहातीं झाल्यामुळें तर तें अधिकच अगत्याचें झालें आहे.

हौशी नभोवाणी म्हणजे काय, हें पुष्कळांस ठाऊक नसतें, म्हणून तें आधीं सांगतों. आकाशवाणी एका ठिकाणाहून बोलते आणि लाखों घरें ऐकतात. ऐकणाऱ्यास उलट बोलण्याची सोय नाहीं. हौशी नभोवाणींत बोलणारा व ऐकणारा दोघेही सारखे. दोघांजवळ आपापलें यंत्र, दोघांच्या घरावर आपापली एरियलची तार, आणि दोघांजवळ सरकारचा परवाना. इंग्रजींत अशा मनुष्यास 'हॅम' म्हणतात. परवान्याबरोबर त्याला अक्षरें व आंकडा मिळून झालेलें एक सांकेतिक नांव मिळतें; भारतांतील बहुतेक नांवें 'व्ही यू' या अक्षरांनीं सुरू होतात, आणि त्या नांवानें तो जगभर ओळखला जातो. या साधनाचा उपयोग व्यापारासाठीं किंवा पैसा मिळविण्यासाठीं करावयाचा नाहीं, असा सर्व देशांचा दंडक आहे. हवापाणी, यंत्राची रचना, आवाज किती स्पष्ट येतो, एकमेकांची खुशाली, असेंच बहुतेक बोलणें. दोन अनोळखी माणसांची गांठ पडली म्हणजे पुढें टपालानें एकमेकांस कार्ड धाडण्याचीही चाल आहे. देशोदेशींच्या त्या कार्डांनीं कित्येकांच्या भिंती भरलेल्या असतात. निरोप घेतांना '७३' म्हणावयाचें. तारमास्तरांच्या वेळेपासून चालत आलेल्या खुणेप्रमाणें त्याचा अर्थ 'शुभेच्छा' असा आहे.

मोबाईल असतांना याची गरज काय, याचें उत्तर मोबाईलच्या रचनेंतच आहे. मोबाईलची लहर फार तर कांहीं मैल जाऊन जवळच्या मनोऱ्यापर्यंत पोंचते. तेथून पुढचा प्रवास जमिनींतल्या काचतंतूंतून आणि कंपनीच्या मोठमोठ्या केंद्रांतून होतो. मनोऱ्याची वीज गेली, बॅटऱ्या उतरल्या, किंवा रस्ता खणतांना केबल तुटली, कीं गांवांतले सारे फोन एकदम मुके होतात; मग तो फोन ५ हजारांचा असो कीं ५० हजारांचा. हौशी नभोवाणीच्या दोन माणसांमध्यें मात्र आकाशावांचून दुसरें कांहीं नसतें. मोटारीच्या बॅटरीवर चालणारें एक यंत्र, २० मीटर तांब्याची तार आणि ती टांगावयास दोन झाडें, इतकें असलें कीं वाशीमहून कोल्हापूर, हैदराबाद, वेळ साधली तर दिल्लीही गांठतां येते.

हें आकाश उपयोगांत आणलें तें मुळांत हौशी लोकांनींच, ही गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लहर जितकी लांब तितकी ती दूर जाणार, अशी शंभर वर्षांपूर्वीं जाणत्यांची समजूत होती. १९१२ सालीं अमेरिकेंत कायदा झाला, तेव्हां लांब लहरींची काळी कसदार जमीन आरमारानें व कंपन्यांनीं आपणांकडे ठेवली, आणि २०० मीटरांखालच्या आंखूड लहरींचें माळरान हौशी मंडळींच्या गळ्यांत बांधलें. मंडळींनीं तेंच नांगरलें. १९२१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील हौशी लोकांचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकूं आले. पुढें १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील नीस शहरच्या लेओं देलॉय यानें अमेरिकेंतील फ्रेड श्नेल याच्याशीं अटलांटिक महासागरापलीकडे मोर्सच्या खुणांनीं सवालजबाब केले, तेही सुमारें १०० मीटरांच्या लहरीवर. त्याबरोबर कंपन्यांचे डोळे उघडले. माळरानाला पाणी लागलेलें पाहून शेजाऱ्यानें बांध कोरूं लागावें, तशी आंखूड लहरींसाठीं सगळ्यांची धांव सुरू झाली.

याचें कारण असें कीं, जमिनीपासून सुमारें १०० ते ३०० किलोमीटर उंचीवर विरळ हवेच्या थरांत सूर्यकिरणांमुळें विद्युत्‌भार उत्पन्न होतो, आणि आंखूड लहरी तेथून पुन्हां पृथ्वीकडे वळतात. इंग्लंडांत ॲपल्टन या शास्त्रज्ञानें १९२४ सालीं प्रयोगानें या थराचें अस्तित्व दाखविलें. हे थर दिवसा निराळे, रात्रीं निराळे. दुपारीं २० मीटरांच्या लहरीवर परदेश ऐकूं यावा, आणि दिवस मावळला कीं तो विझून ४० मीटरांची लहर दूरवर जाऊं लागावी. सूर्यावरील डाग सुमारें ११ वर्षांच्या चक्रानें वाढतात व घटतात, त्याप्रमाणें दूरचें बोलणेंही कधीं सोपें, कधीं दुर्घट होतें. भूगोलाच्या पुस्तकांतील वातावरणाचे थर पाठ करणारा मुलगा परीक्षा झाली कीं ते विसरतो. ज्यानें एकदां तिन्हीसांजेस यंत्रापुढें बसून एक दूरचें स्थानक बुडतांना आणि दुसरें उगवतांना ऐकलें, त्याला ते विसरूं म्हटल्यानें विसरतां येणार नाहींत.

आपल्या देशांतही या विद्येंत हौशी मंडळींचा मान पहिला आहे. १९२१ सालीं अमरेंद्रचंद्र गुप्तु व त्यांच्यामागून मुकुल बोस यांनीं हौशी स्थानकें चालविलीं. मुंबईच्या रेडिओ क्लबानें जून १९२३ मध्यें देशांतील पहिला नभोवाणी कार्यक्रम ध्वनिक्षेपित केला. रीतसर कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें तें त्यानंतर चार वर्षांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं. म्हणजे ज्या आकाशवाणीवर आमच्या वडीलधाऱ्यांनीं पीकपाण्याच्या गोष्टी ऐकल्या, तिचा पाळणा एका हौशी क्लबाच्या घरीं हलला.

१९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी लोकांस आपलीं प्रक्षेपक यंत्रें पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम दिले. पुढें १९४२ च्या चळवळींत मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं जो गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, त्याचें यंत्र उभारण्यास नरिमन प्रिंटर या हौशी नभोवाणीवाल्याचीच विद्या कामीं आली. ४२.३४ मीटरांवर तो आवाज सुमारें तीन महिने, जागा बदलीत बदलीत, चालला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं छापा घालून तो बंद पाडला. उषाबाई तेव्हां २२ वर्षांच्या होत्या. त्यांस चार वर्षांची सजा झाली. ही हकीकत आम्ही देतों ती सरकार या विद्येवर परवान्याचा लगाम कां ठेवतें, हें मुलांस समजावें म्हणून. ज्या यंत्रानें घरबसल्या हजार मैलांवर बोलतां येतें, त्यावर राज्यकर्त्यांची नजर राहणारच, राज्य परक्यांचें असो कीं आपलें. परवान्यावांचून संदेश धाडणें आजही गुन्हा आहे. एखादा मुलगा स्वस्तांतलें हातयंत्र आणून उगीच त्यांत बोलूं लागला, तर तो आपल्या आईबापांस संकटांत घालील. मंडळ पाहिजे तें यासाठींही. जाणत्याच्या देखरेखीखालीं चाललेली खटपट आडवाटेस जात नाहीं. आणि परवाना मिळविणें कांहीं मुलांच्या आवांक्याबाहेरचें नाहीं. १२ वर्षें पुरीं झालेल्या मुलामुलींस त्या परीक्षेस बसतां येतें. विजेचीं मूलतत्त्वें, यंत्राची रचना आणि नियम, एवढाच तिचा मुख्य अभ्यास. नववी-दहावीच्या विज्ञानाहून तो फार जड नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं महूच्या लष्करी सिग्नल्स शाळेंत हौशी नभोवाणीचा क्लब निघाला. १९५४ सालीं तो दिल्लीस जाऊन भारतीय हौशी नभोवाणी संस्था म्हणून चालूं लागला. १९८३ सालीं हैदराबादेस याच विद्येसाठीं राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. गंमत अशी कीं, आमच्या वाशीमवरून जाणारी जुनी मीटरगेज गाडी याच दोन शहरांना जोडीत असे. एका अंगास महू, दुसऱ्या अंगास हैदराबाद. मधल्या स्थानकावर ही विद्या उतरावयास कां नको?

हैदराबादच्या त्या संस्थेंतील भारती प्रसाद यांची हकीकत आमच्या मुलींनीं अवश्य समजून घ्यावी. २००४ च्या डिसेंबरांत त्या आपल्या सोबत्यांसह अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें हौशी स्थानक चालविण्यास गेल्या होत्या. त्या बेटांवरून कित्येक वर्षांत हौशी मनुष्याचा आवाज आला नव्हता, म्हणून जगभरची मंडळी त्यांची हाक ऐकावयास टपून बसलेली. २६ तारखेस सकाळीं धरणीकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. टेलिफोन बंद पडले. छंदासाठीं नेलेलें तें यंत्र त्या घटकेपासून निरोपाचें साधन झालें. पुढें कार निकोबारलाही एक स्थानक मांडण्यांत आलें, आणि अमका सुखरूप आहे, तमक्याचा शोध चालू आहे, असे निरोप मुख्य भूमीवर वाट पाहणाऱ्या आप्तांकडे जाऊं लागले. किल्लारीचा प्रसंग तर आपल्या उंबरठ्यावरचा. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतीचें विसर्जन आटोपून लोक झोंपले असतां, पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि दहा हजारांच्या आसपास माणसें दगडमातीच्या घरांखालीं गेलीं. तेथेंही हौशी मंडळी यंत्रें घेऊन धांवली होती, तशीच ती २००१ सालीं कच्छांतही गेली.

येथें थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. हौशी मंडळींच्या स्तुतीचे कांहीं लेख वाचले म्हणजे वाटावें कीं, पूर आला कीं सरकार झोंपतें आणि हॅमच सारा भार वाहतो. तसें नाहीं. पोलिसांचीं बिनतारी यंत्रें आहेत, लष्कर आहे, उपग्रहावरून बोलणारे फोन आहेत. हौशी मनुष्याचें काम बहुधा पहिल्या कांहीं तासांतलें, इतर साधनें येऊन पोंचेपर्यंतचें. आणि तेंही ज्यानें शांततेच्या दिवसांत सराव ठेवला त्याचेंच. यंत्र फडताळांत आणि परवाना चौकटींत ठेवणारे हौशीही पुष्कळ असतात. पुराच्या दिवशीं त्यांचा काडीइतका उपयोग नाहीं.

म्हणून संकटाहून नित्याचा उपयोग आम्हांस मोलाचा वाटतो. मकरसंक्रांतीस बंगालमध्यें गंगासागरच्या मेळ्यास लाखों यात्रेकरू लोटतात. तेथें पश्चिम बंगाल रेडिओ क्लबाची मंडळी चुकलेल्यामाकलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची घरच्यांशीं गांठ घालून देण्याचें काम करीत आली आहे. चुकलेल्या म्हातारीस पुष्कळदां आपल्या गांवापलीकडे कांहीं सांगतां येत नाहीं, आणि तें गांव कोठल्या जिल्ह्यांत हें कोणास उमगत नाहीं. मंडळी तिच्या बोलीवरून प्रांत ताडतात, त्या प्रांतांतील हौशी मित्रांस कळवितात, आणि ते तिकडे घर शोधून काढतात. आतां आपल्या पोहरादेवीचा विचार करा. रामनवमीस तेथें बंजारा समाजाची केवढी यात्रा भरते! महाराष्ट्रांतलीं तर सोडाच, तेलंगण-कर्नाटकांतलींही कुटुंबें येतात. एकाच माळावर हजारों फोन एका वेळीं चालूं लागले म्हणजे मनोऱ्यास तो भार पेलत नाहीं. आणि लहान मूल नजरेआड झालेल्या आईस तर एक मिनिटही युगासारखें वाटतें. शाळेंतून परवाना मिळविलेलीं चार मोठीं मुलें, सोबत दोन शिक्षक, पोलिसांची व देवस्थानची अनुमति, आणि चार कोपऱ्यांवर चार हातयंत्रें. यांत अशक्य असें आम्हांस कांहींच दिसत नाहीं.

या छंदांत आणखी एक गुण आहे, ज्याकडे पालकांचें लक्ष आम्ही मुद्दाम वेधतों. हौशी मनुष्य बोलण्यापूर्वीं ऐकतो. लहरीवर दुसरें कोणी बोलत आहे काय हें पाहिल्यावांचून तोंड उघडणें तेथें असभ्यपणा समजतात. बोलतांना स्वतःचें सांकेतिक नांव सांगावें लागतें. एकाचें संपल्यावांचून दुसऱ्यास बोलतां येत नाहीं, कारण बटण दाबून बोलत असतां ऐकूं येणेंच बंद होतें. कोणाशीं, किती वाजतां, कोणत्या लहरीवर बोललों, हें वहींत लिहून ठेवावयाचें. नांव लपवून वाटेल त्यास वाटेल तें बोलण्याची सोय आपल्या मुलांच्या खिशांत आलेली आहे. तिचीं फळें घरोघर दिसतात. नांव सांगून, पाळीनें, मोजकें बोलण्याची संवय लावणारी दुसरी शाळा आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

खर्चाचा आक्षेप येईल. विकतचें परदेशी यंत्र ५० हजारांपासून लाखापलीकडे जातें. तें घ्या, असें आम्ही कोणासही म्हणणार नाहीं. हैदराबादचे अशहर फरहान यांनीं 'बिटएक्स' नांवाचें यंत्र आखलें, तें आपल्याकडील साध्या दुकानांत मिळणारे भाग योजून. वेटोळें गुंडाळावयास त्यांनीं नळाचा वायसरही वापरला. आराखडा त्यांनीं सर्वांस मोकळा ठेवला, आणि तो पाहून देशोदेशींच्या लोकांनीं आपल्या हातानें डाख देऊन यंत्रें बांधलीं. एरियलची तार तर आमच्याकडे मोटार रिवाइंडिंगच्या प्रत्येक दुकानांत पडलेली आहे. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली नाहीं, असे उन्हाळे शेतकऱ्याच्या आयुष्यांत किती? गणिताच्या शिक्षकांनीं मुलांकडून एक हिशेब करून घ्यावा: लहरीचा वेग सेकंदास ३० कोटी मीटर, त्यास ७० लाख कंपनांनीं भागावें, आणि उत्तर निम्में करावें. सुमारें साडेएकवीस मीटर येतील. प्रत्यक्षांत तार किंचित्‌ आंखूड, २० मीटरांच्या आसपास, कां कापावी लागते, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांसाठीं राखून ठेवतों.

अभ्यास बुडेल, ही भीति मात्र खरी आहे, आणि ती आम्ही उडवून लावीत नाहीं. यंत्रापुढें रात्रीच्या रात्री काढणारे लोक या छंदांत आहेत. मंडळाचे रविवारचे दोन तास ठरवावे, यंत्र शाळेच्या कपाटांत कुलपाखालीं असावें, आणि दहावीच्या मुलांस जानेवारीपासून सुट्टी द्यावी. इतका बंदोबस्त पुरे होईल.

आकाशाकडे ओढा असलेल्या मुलांस आणखी सांगावयाचें तें हें. ५ मे २००५ रोजीं आपल्या देशानें हौशी मंडळींसाठीं 'हॅमसॅट' नांवाचा ४२.५ किलोंचा उपग्रह सोडला. तो २०१४ पर्यंत चालला. पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं बांधलेला 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेला; त्याचें वजन एक किलोही नव्हतें, आणि पृथ्वीवरील दोन ठिकाणांमध्यें हौशी लहरींवरून निरोप पोंचविणें हें त्याचें काम होतें. जुलै २०२५ मध्यें शुभांशु शुक्ल अंतराळस्थानकावर असतां बंगळूर व शिलाँग येथील केंद्रांत जमलेल्या विद्यार्थ्यांशीं ते बोलले, तेही हौशी नभोवाणीनेंच. तें स्थानक सुमारें ४०० किलोमीटरांवरून धांवत असल्यानें एका जागेवरून जेमतेम १० मिनिटें सांपडतें. तेवढ्यांत प्रश्न विचारून घ्यावयाचे.

आरंभ लहानच असावा. ऑक्टोबरांतील तिसऱ्या शनिवारीं-रविवारीं जगभरचे बालवीर हौशी स्थानकांवर जमून एकमेकांशीं बोलतात. हा परिपाठ १९५८ पासून चालू आहे. आपल्या हायस्कुलांतून बालवीरांचीं पथकें आहेतच. तो मुहूर्त धरून अकोला, नागपूर वा जवळच्या कोणत्याही शहरांतील परवानाधारक गृहस्थांस यंत्रासह निमंत्रण द्यावें. आदल्या दिवशीं मुलांनीं पटांगणांतल्या लिंबापासून शाळेच्या छपरापर्यंत तार ताणून ठेवावी. शनिवारीं दुपारीं २० मीटरांवर आणि दिवेलागणीस ४० मीटरांवर काय काय ऐकूं येतें, तें वहींत टिपावें, आणि पालकांनींही त्या दिवशीं घटकाभर शाळेंत येऊन कान लावावा. मंडळ काढावयाचें कीं नाहीं, याची चर्चा सोमवारीं करूं.